उजवीकडे उघडणारा व्हॉल्व्ह

आमच्या भागात त्यांना सगळे चावीकाका म्हणत. चावी कुलपाची नव्हे, पाण्याची. छातीपर्यंत उंचीची, वर आडवा दांडा असलेली ती लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे साडेचारला घराबाहेर पडत. रस्त्यातली झाकणं उचलायची, खोल बसवलेल्या व्हॉल्व्हवर चावी अडकवायची, फिरवायची. एका गल्लीचं पाणी बंद करायचं, दुसरीचं सुरू करायचं. असे चौसष्ट व्हॉल्व्ह आणि अशी बत्तीस वर्षं. फिरवताना ते मनात आकडे मोजत. कुणी हाक मारली तर हात वर करत, पण बोलत नसत, कारण बोललं की मोजणी चुकते. नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, माणूस फार आढ्यताखोर दिसतो. आठ-पंधरा दिवसांत कळायचं की तसं काही नाही; वेढे मोजून झाले की ते मागे वळून हाक मारणाऱ्याला "काय म्हणत होता?" असं विचारायला यायचे. तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा.

कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी, हे आमच्याकडे दर तीन महिन्यांनी प्रभागाच्या सभेत ठरतं. सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरते. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसतात, वेळापत्रक वाचलं जातं, हात वर होतात, मोजले जातात. मग तो कागद पंपघरात लागतो आणि काका त्याप्रमाणे पाणी सोडत. मधेच कुणी बदल सुचवला तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. निवडून आलेले किती तरी प्रतिनिधी त्यांना रस्त्यात गाठून म्हणाले असतील, "आमच्या बाजूला दहा मिनिटं जास्त सोडा हो जरा."

"सोडतो की. कागदावर द्या."

तो कागद कुणी दिला नाही. दिला असता तर काकांनी पाणी सोडलंही असतं. ते काही बंडखोर नव्हते. पण एकदा कागद झाला की सभेत कुणीतरी तो काढणार, हे देणाऱ्यालाही ठाऊक होतं. त्यामुळे वरच्या गल्लीचं पाणी बत्तीस वर्षं सकाळी सव्वासहा ते सात, एवढं आणि तेवढंच राहिलं. वरची गल्ली टेकाडावर आहे. खालच्या गल्ल्यांचे नळ चालू झाले की तिकडे पाणी चढत नाही, म्हणून तिची वेळ सगळ्यांच्या आधी.

मग यंत्रं आली. प्रत्येक व्हॉल्व्हवर एक मोटर, पंपघरात भिंतीएवढा पडदा, त्यावर आमचा सगळा भाग रेषारेषांनी काढलेला. व्हॉल्व्ह उघडला की रेष हिरवी, बंद झाला की लाल. हेच चित्र प्रतिनिधींच्या मोबाईलवरही दिसे. प्रतिनिधी उत्साही माणूस. सकाळी सहाला निरोप पाठवला तरी सव्वासहाला उत्तर यायचं, आणि रस्त्यात कुणी भेटलं की खिशातून मोबाईल काढून हिरव्या रेषा दाखवायचे, जशी लोक नातवंडांची छायाचित्रं दाखवतात. ते दोनशे बारा मतांनी निवडून आले होते आणि वरच्या गल्लीने त्यांना जवळजवळ एकही मत दिलं नव्हतं. हे ते विसरले नव्हते, पण बोलून दाखवतही नव्हते.

मोटरी बसवायला आलेल्या इंजिनीयर मॅडम वयाने लहान, कामाला वाघ. चौसष्ट मोटरींसाठी त्यांना सहा दिवस दिले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी काकांपुढे एक तक्ता ठेवला. चौसष्ट ओळी. प्रत्येक ओळीत व्हॉल्व्हचा नंबर, जागा, आणि 'उघडण्याची दिशा' या रकान्यात आधीच छापलेला शब्द: डावी.

"काका, सगळे व्हॉल्व्ह चालू आहेत ना?"

"चालू आहेत."

"मग इथे सही करा."

एक्केचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह वरच्या गल्लीचा. चाळीस वर्षांपूर्वी तिथला जुना व्हॉल्व्ह फुटला तेव्हा गोदामात नेहमीचा माल नव्हता, म्हणून दुसऱ्याच बनावटीचा बसवला गेला. तो उजवीकडे उघडतो. काकांना हे त्यांच्या आधीच्या माणसाने नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. कुठे लिहिण्याची गरज कधी पडली नाही. हाताला माहीत होतं.

त्या सकाळी काकांची चावी गोदामात जमा करून घेतली होती आणि हातात पावती दिली होती. उद्यापासून त्यांनी पडद्यासमोर बसायचं होतं. पावती खिशात, समोर तक्ता. काकांनी एक्केचाळिसावी ओळ पाहिली. पुढे कधीतरी ते मला म्हणाले, "मनात आलं, एवढं हुशार यंत्र आहे, तर हेही त्यालाच कळेल. आणि नाहीच कळलं तर येतील मला विचारायला." त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सव्वासहाला मोटर तो व्हॉल्व्ह डावीकडे फिरवू लागली. पडद्यावर रेष हिरवी होई आणि जमिनीखाली व्हॉल्व्ह घट्ट बंद होई. सात वाजता रेष लाल, तेव्हा व्हॉल्व्ह उघडायचा. पण तोवर खालच्या गल्ल्यांचे नळ सुरू झालेले असत. वर दुपारपर्यंत दोऱ्यासारखी धार यायची आणि तीही मधूनच तुटायची.

काकांची मोठी बहीण, आक्का, वरच्या गल्लीतच राहते. दोन दवाखान्यांच्या चादरी धुण्याचं तिचं काम आहे. मागच्या अंगणात चार पिंपं, दोन मोठी यंत्रं, कामाला तीन बायका. पाण्यावाचून ते सगळं ठप्प. आक्का आणि त्या बायका हातगाडीवर डबे लादून खालच्या गल्लीतून पाणी वर नेऊ लागल्या. काका पंपघरातून सुटले की रोज तिच्याकडे चहाला जात.

"काय रे, तुझं ते यंत्र झोपलंय का मेलंय?"

"हिरवं दाखवतंय."

"हिरव्यात चादरी भिजवू का मी?"

"तक्रार केलीस?"

"सात वेळा. दर वेळी मोबाईल टुणकन वाजतो. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. कृपया आम्हाला तारे द्या.' मी एक तारा देते. शून्य देता येत नाही, नाहीतर तेच दिलं असतं."

तक्रार आली की यंत्र स्वतःच पाहायचं, त्या वेळी रेष हिरवी होती का. हिरवी असली की तक्रार बंद. माणसाचा त्यात कुठे हातच लागत नव्हता.

आणि आम्ही खालच्या गल्लीतले? आमचे नळ तेव्हा असे धो धो वाहत होते की विचारू नका. वरच्यांच्या वाट्याचं पाणी आमच्याकडे येत होतं, पण ते आम्हाला कोण सांगणार, आणि आम्ही तरी कशाला विचारतोय. दुकानात, कोपऱ्यावर बोलणी व्हायची की यंत्र आल्यापासून कसं झकास झालं, आणि वरच्या गल्लीला काय, रडायची सवयच आहे. मीही हे ऐकलं आणि मान हलवली.

काकांना मात्र आठवडाभरातच सगळं उमगलं होतं. आक्काकडे धार येते ती नेमकी रेष लाल असताना, हे त्यांच्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार? पहिला महिना ते वाट पाहत राहिले, की कुणीतरी येईल, विचारेल. आपल्याला वगळून सगळं चाललंय, तर चालू दे, असा तो रुसवा होता. माणूस साठीला टेकला म्हणून रुसवे सुटत नाहीत. महिन्याने राग ओसरला. पण आता सांगायचं तर एक महिना का गप्प बसलो, हेही सांगावं लागणार होतं. दुसऱ्या महिन्यात ते दोन महिने झाले. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. चुकीच्या तक्त्यावर सही म्हणजे चौकशी.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सभेची विषयपत्रिका पंपघरात लागली. विषय चौथा: वरच्या गल्लीच्या वेळेत तिथलं मीटर जेमतेम हलतं, म्हणजे तिथे पाण्याची गरज कमी आहे, सबब यंत्राच्या शिफारशीनुसार त्या गल्लीची वेळ पंचेचाळीस मिनिटांवरून पंधरा करावी आणि उरलेला अर्धा तास बाजारामागच्या नव्या इमारतींना द्यावी. गंमत पाहा. तक्रारीच्या कागदावर यंत्र म्हणत होतं, वरच्या गल्लीत पाणी पोचलंय. मीटरच्या कागदावर म्हणत होतं, पाणी पोचलंच नाही. पण दोन कागद दोन वेगळ्या टेबलांवर होते.

काका इंजिनीयर मॅडमकडे गेले.

"मॅडम, एक्केचाळीस नंबर एकदा बघायला पाहिजे."

"का? काही बिघाड दाखवतोय?"

"नाही."

"मग?"

पुढचं वाक्य सहीचं होतं. काका म्हणाले, "असंच," आणि परत आले.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आक्काला सांगितलं. ती चादरींच्या घड्या घालत होती. घडी घालायची थांबली नाही.

"तीन महिने?"

"हो."

"आणि रोज येऊन माझा चहा पीत होतास."

"हो."

"त्या चहाचं पाणी कुठून यायचं रे? मी चढावरून ढकलत आणायचे." तिने घडी गठ्ठ्यावर आपटली. "अकरा महिन्यांसाठी?"

काकांनी पुढची चादर उचलून तिच्या हातात दिली. ती घेत आक्का म्हणाली, "उद्या सभेत सांग."

"मला सांगता येत नाही. सभेनं विचारल्याशिवाय नोकराला तोंड उघडता येत नाही. पंचवीस हात वर झाले तरच."

"मग मी विचारायला लावते. तू तेवढं खरं बोल. का त्यालाही कागद पाहिजे?"

सभा रविवारी सकाळी दहाला. प्रतिनिधींनी भिंतीवर चित्र पाडलं. हिरव्या रेषा, रंगीत खांब, टक्केवारी. सगळं नीट समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "हे आकडे माझे नाहीत. यंत्राचे आहेत. यंत्राला कुठला पक्ष नसतो. वरच्या गल्लीशी माझं काही वैर नाही, हे मी इथे मुद्दाम सांगतो."

आक्का उठली. "मला यंत्राला नाही, माणसाला विचारायचंय."

"आक्का, प्रश्न आता ॲपवर आधी नोंदवायचे असतात."

"नोंदवला होता. त्याचं निवारण झालं म्हणे."

बाकांवर हशा पिकला. प्रतिनिधीही हसले; तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता. आक्का म्हणाली, "सभेचा जुना नियम आहे. पंचवीस हात वर झाले की कर्मचाऱ्यानं उत्तर द्यायचं. पंपघरात बसतो त्याला विचारा, आमच्या गल्लीत सव्वासहाला काय होतं ते."

सभेच्या चिटणिसांनी नियमांची वही चाळली. नियम होता. तो काढून टाकावा असं कुणाला सुचलंच नव्हतं.

हात वर झाले. वरच्या गल्लीतून तेवढेच लोक आले होते. बाकीच्यांची रविवारीही कामं असतात. चिटणिसांनी बोटाने मोजले. एकोणीस.

"एकोणीस," प्रतिनिधी म्हणाले. "मग पुढचा..."

आमच्या गल्लीचे शिंपी शेवटच्या बाकावर बसले होते. सभेत कधी बोलत नाहीत. त्यांनी हात वर केला आणि जरा ओशाळून म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. ते काय सांगतात तेवढं ऐकायचंय." त्यांच्याकडे पाहून आणखी हात वर गेले. त्यात माझाही होता. पहिला मात्र नव्हता. चिटणिसांनी पुन्हा मोजलं. सव्वीस.

काका उभे राहिले. बाक लहान असल्यामुळे त्यांना बाजूला सरकून उठावं लागलं.

"एक्केचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह उजवीकडे उघडतो. बाकीचे त्रेसष्ट डावीकडे," ते म्हणाले. "यंत्र सगळेच डावीकडे फिरवतं. त्यामुळे पडद्यावर हिरवं दिसतं तेव्हा वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद होतो."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग इंजिनीयर मॅडमनी फाईल उघडली, भराभर पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "पण इथे तुमची सही आहे."

"आहे."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

खोलीत एकच गलका झाला. आवाज चढले ते वरच्या गल्लीचेच. आक्काच्या शेजारचा सुतार उठून उभा राहिला. "तीन महिने आमच्या घरातली म्हातारी माणसं डबे वाहतायत! आणि तुम्हाला माहीत होतं? रोज आमच्या दारावरून जात होतात काका!"

"जात होतो."

प्रतिनिधींनी संधी हेरली. टेबलावर हात आपटून म्हणाले, "म्हणजे दोष यंत्राचा नाही, माणसाचा आहे. नोंद करा चिटणीस."

"थांबा साहेब," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्वच्छ होता. "दिशेचा रकाना मी कार्यालयातून छापून आणला होता. एकही झाकण उघडून विचारलं नाही. वेळ नव्हता. तेही लिहा."

चिटणिसांनी दोन्ही लिहिलं. चौथा विषय तहकूब झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला व्हॉल्व्ह उघडून पाहायचं ठरलं. या ठरावाला प्रतिनिधींनीही हात वर केला.

सोमवारी तीस-चाळीस माणसं रस्त्यात गोळा झाली. मॅडमनी झाकणाचं सील स्वतः तोडलं, मोटर सोडवली. गोदामातून चावी आणली होती. काकांनी ती व्हॉल्व्हवर बसवली आणि उजवीकडे फिरवायला सुरुवात केली. या वेळी ते मोठ्याने मोजत होते, कारण शेजारी मॅडम लिहून घेत होत्या. सतरा वेढे. सहा वाजून एकोणीस मिनिटांनी वरच्या गल्लीच्या नळांत घरघर झाली, आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्याला त्याला बादल्या लावायची घाई. दोन मिनिटांत रस्ता रिकामा झाला. झाकणापाशी काका, मॅडम आणि प्रतिनिधी तेवढे उरले. प्रतिनिधींनी वाकून व्हॉल्व्हचा फोटो काढला.

चौकशी झाली. काकांना लेखी ताकीद मिळाली आणि एक वेतनवाढ थांबली. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज केला नाही. वरच्या गल्लीतले काही जण त्यांच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. काकांचं म्हणणं, बरोबरच आहे. आक्का बोलत होती, पण महिनाभर चहा दिला नाही. काका विचारायचे, "आज चहा?" ती म्हणायची, "पाणी नाही." मागे नळ वाहत असायचा.

मॅडमनी मग काकांना बरोबर घेऊन चौसष्टही झाकणं उघडली. त्यांना नऊ दिवस लागले. आणखी एक व्हॉल्व्ह उलटा निघाला, जो काकांनाही ठाऊक नव्हता, कारण त्या बाजूचं पाणी कधी बंदच करावं लागलं नव्हतं. काका त्या दिवशी फार बेचैन होते. "बत्तीस वर्षं," एवढंच म्हणत होते.

पुढच्या निवडणुकीत प्रतिनिधींच्या पत्रकावर तो फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'त्रुटी शोधली, पाणी दिलं.' ते पुन्हा निवडून आले, मागच्यापेक्षा जास्त मतांनी. वरच्या गल्लीतूनही त्यांना बरीच मतं पडली. आक्काला याबद्दल कुणी छेडलं की ती म्हणते, "पाणी आलं ना? मग दे म्हणावं मत. कुणी शोधलं ते मला माहीत आहे, तेवढं पुरे."

व्हॉल्व्ह उलटा फिरत होता, ही तशी लहान चूक. दहा मिनिटांत दुरुस्त झाली. ती तीन महिने टिकली, कारण ती टिकणं एकाच्या रुसव्याच्या, एकीच्या घाईच्या, एकाच्या राजकारणाच्या आणि आम्हा पुष्कळांच्या नळाच्या सोयीचं होतं. म्हणून त्यानंतरच्या सभेत शिंप्यांनी आयुष्यातला पहिला ठराव मांडला: तक्रार यंत्राने बंद करायची नाही, ज्याने केली त्याने बंद केली तरच ती बंद. ठराव नऊ हातांच्या फरकाने मंजूर झाला. पहिल्याच महिन्यात चारशेच्या वर तक्रारी उघड्या राहिल्या. कार्यालय वैतागलं, प्रतिनिधी ठराव फिरवायला निघाले, पुन्हा हात मोजले गेले. ठराव टिकला; या वेळी फरक चौदाचा होता.

काका आता निवृत्त झाले आहेत. वरच्या गल्लीत रोज सव्वासहाला पाणी येतं, सातला जातं. पंपघरातले लोक अधूनमधून आक्काला फोन करतात, की मावशी, तुमची ती जुनी तक्रार तेवढी बंद करा, आमच्या यादीत लाल दिसते. आक्का चादरी पिळता पिळता फोन खांद्याने कानाशी धरते आणि म्हणते, "असू दे की उघडी. तुम्हाला रोज बघायला लागते ना? मग बघा."